टॉवर कुठे उभा राहावा?

आखातात नोकरीला असलेल्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला की फोन घरभर हातोहात फिरतो. तेवढ्यात चित्र थिजते. कोणी गॅलरीत धावते, कोणी जिन्यात. आपण कंपनीला दोष देऊन मोकळे होतो. पण घरापर्यंत नेटवर्क आणण्यामागे मोठी आखणी असते आणि तिच्यात आपलाही वाटा असतो.

मोबाइल सेवेसाठी शहराचे लहान लहान भाग पाडतात. त्यांना ‘सेल’ म्हणतात. प्रत्येक सेलला स्वतःचा अँटेना असतो. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मेट्रो 11.4 किलोमीटर धावते. तेवढ्या वाटेत आपला कॉल न तुटता एका अँटेनाकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो.

आपल्या उपनगरांत हे काम अवघड आहे. बोरिवली आणि मुलुंडच्या मध्ये राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. चाळीशेजारी एखादा उंच टॉवर उभा राहिला की लहरींची जुनी वाट अडते. त्यातून लहरींचे स्वभावही निराळे. 700 मेगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात, भिंतीही ओलांडतात. 3300 मेगाहर्ट्झच्या लहरी जास्त डेटा वाहतात, पण काँक्रीटपुढे लवकर दमतात. त्यामुळे फाइव्ह-जीचे अँटेना जवळजवळ लावावे लागतात. शिवाय चाँदरातीला सगळेच एकदम फोन लावतात. त्या गर्दीचा हिशेबही आधीच मांडावा लागतो.

देशात फाइव्ह-जी 1 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाले. त्याच वर्षी मे महिन्यात, आठ संस्थांनी मिळून उभारलेल्या देशी चाचणी केंद्राचे उद्घाटन झाले होते. त्या आठांपैकी आयआयटी मुंबई आणि ‘समीर’ या दोन संस्था आपल्या पवईतल्या. आता 2030 पर्यंत सिक्स-जी आणण्याचे उद्दिष्ट आहे. पुढे कोणता अँटेना कुठे वळवायचा, रात्री कोणता निजवून वीज वाचवायची, हे बरेचसे संगणकच ठरवतील.

पण गच्चीवर अँटेना बसवू द्यायचा की नाही, हे ठरते सोसायटीच्या सभेत. तिथे किरणोत्सर्गाची भीती हमखास निघते. ही शंका हसण्यावारी नेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2011 मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा गटात ठेवले आहे. याचा अर्थ धोका सिद्ध झाला असा नाही, पुरावा अपुरा आहे असा आहे. आपल्याकडे सप्टेंबर 2012 पासून टॉवरसाठी तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकीच मर्यादा लागू झाली. परिसरातील टॉवरची माहिती सरकारच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर पाहता येते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अँटेना दूर असला की कानाला लावलेला आपलाच फोन जास्त जोर लावतो. त्यामुळे टॉवर हटवला की काळजी मिटली, असे होत नाही.

घाटकोपर, मुलुंडला पुनर्विकास जोरात आहे. करार करताना आपण पार्किंग विचारतो, पाणी विचारतो. नेटवर्कचेही विचारावे. इमारतींना डिजिटल जोडणीनुसार मानांकन देण्याचे नियम ‘ट्राय’ने ऑक्टोबर 2024 मध्ये केले आहेत. ते सक्तीचे नाही, म्हणून मागणी रहिवाशांनीच करायची. केबलसाठी जागा, अँटेनासाठी गच्चीचा कोपरा आणि लिफ्टमध्येही सिग्नल, या तीन गोष्टी नकाशा मंजूर होण्याआधीच लिहून घ्याव्यात. आजारी माणसासाठी रात्री रुग्णवाहिका बोलवायची वेळ आली, तर तो कॉल घरातूनच लागला पाहिजे.