वांकविलेल्या लांकडाची खुर्ची

मुंबईच्या एखाद्या जुन्या इराणी हॉटेलांत आपण कधीं गेलां असाल, तर तेथील काळसर लांकडी खुर्ची आपल्या दृष्टीस खचित पडली असेल. तिची पाठ कमानीसारखी गोल असते, पाय बारीक असतात, आणि एका हातानें उचलावी इतकी ती हलकी असते. चहा येतो, पिऊन होतो, आणि जिच्यावर आपण बसलों तिच्याकडे पुन्हां न पाहतां आपण उठून जातों. परंतु ह्या खुर्चीचें कुळ फार दूरचें आहे. एका जर्मन सुतारानें जवळजवळ तीस वर्षें खपून शोधून काढलेल्या रीतीनें ती घडविलेली असते. आणि आधुनिक घरसामानाचा आरंभ पुष्कळ जाणते लोक ह्याच रीतीपासून धरतात. ती रीति कोणती, व ती साधण्यास काय किंमत पडली, हें ह्या लेखांत सांगण्याचा विचार आहे.

पूर्वीं वळणदार खुर्ची कशी होत असे, हें प्रथम लक्षांत घेतलें पाहिजे. कमानदार पाठ किंवा वळलेला पाय हवा असला, तर सुतार जाड फळी घेई व तींतून तो आकार करवतीनें कापून काढी. ह्यांत दोन तोटे होते. पहिला असा कीं, बरेंच लांकूड भुशांत व तुकड्यांत वायां जाई. दुसरा तोटा त्याहून मोठा. लांकडाचें बळ त्याच्या उभ्या धाग्यांत असतें. सरळ फळींतून वांकडा तुकडा कापला कीं वळणाच्या जागीं ते धागे तुटतात, आणि तें लांकूड नेमकें तेथेंच मोडतें. म्हणून सुतार तो भाग मुद्दाम जाड ठेवी. अशी खुर्ची जड होई, महाग होई, आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यापलीकडे तिचा प्रवेश क्वचितच होई.

मिखाएल टोनेट ह्याचा जन्म १७९६ सालीं ऱ्हाइन नदीच्या कांठीं बोपार्ड ह्या गांवीं झाला. बाप कातडीं कमावण्याचा धंदा करी. मुलानें सुतारकाम पत्करिलें व १८१९ सालीं स्वतःचें दुकान थाटलें. सुमारें १८३० पासून त्याच्या मनानें एक ध्यास घेतला. लांकूड कापून वांकडें करण्याऐवजीं तें वांकवितां येईल काय? त्यानें लांकडाच्या पातळ पट्ट्या काढल्या, त्या सरसांत उकळल्या, एकावर एक ठेवून सांच्यांत दाबल्या, व वाळल्यावर त्यांची वळणदार खुर्ची केली. धागे अखंड राहिल्यामुळें ती हलकी असून मजबूत झाली. १८४१ सालीं कोब्लेन्झ येथील प्रदर्शनांत हें काम ऑस्ट्रियाचे मुख्य प्रधान मेटर्निक ह्यांच्या पाहण्यांत आलें, आणि त्यांनीं त्यास व्हिएन्ना येथें येण्यास सुचविलें.

पुढील वर्षीं तेथें त्यास आपल्या रीतीबद्दल सरकारी हक्क मिळाला. परंतु त्याच सुमारास, निरनिराळ्या देशांत असे हक्क मिळविण्याच्या खटपटींत झालेल्या कर्जापायीं, सावकारांनीं बोपार्ड येथील त्याची मालमत्ता जप्त केली. वय ४६ वर्षांचें, पाठीमागें मोठें कुटुंब, आणि हातीं एक अर्धवट साधलेली विद्या, अशा स्थितींत ह्या मनुष्यानें परक्या राजधानींत आरंभापासून आरंभ केला. कांहीं वर्षें त्यानें आपल्या मुलांसह दुसऱ्याच्या कारखान्याकरितां काम केलें. लिख्टेनस्टाइन घराण्याच्या राजवाड्यांतील लांकूडकाम ह्याच काळांतलें होय. १८४९ सालीं त्यानें पुन्हां स्वतःचें दुकान काढलें, आणि व्हिएन्नांतील डाउम नांवाच्या कॉफीगृहास खुर्च्या पुरविल्या. १८५१ सालच्या लंडनच्या जगप्रसिद्ध प्रदर्शनांत त्याच्या कामास ब्राँझचें पदक मिळालें.

आतां दिवस पालटले असें वाटत असतां सरसानें घात केला. दमट हवेच्या दूरच्या देशीं गेलेल्या खुर्च्यांचे थर ओलीनें सुटूं लागले. जो मनुष्य वीस वर्षें सरस व पट्ट्या ह्यांवर विसंबून होता, त्यास उतारवयांत तें सर्व बाजूस ठेवून अखंड लांकडाचा दांडाच वांकविण्याची युक्ति शोधणें भाग पडलें. ती त्यास साधली, आणि १८५६ सालीं तिचा हक्कहि मिळाला.

विद्यार्थिमित्रहो, ती युक्ति समजण्यास एक वाळलेली काडी हातांत घेऊन हळूहळू वांकवून पाहा. ती प्रथम चिरते ती वळणाच्या बाहेरच्या अंगास. कारण, वांकवितांना बाहेरचे धागे ताणले जातात व आंतले चेपले जातात. लांकडाचे धागे परस्परांशीं जखडणारें लिग्निन नांवाचें एक द्रव्य असतें. तें ओल व उष्णता मिळतांच मऊ होतें, आणि निवून वाळतांच पुन्हां कठीण होतें. म्हणून लांकूड वाफविलें म्हणजे वांकण्यास तयार होतें. पण ह्या स्थितींतहि त्याचा स्वभाव एकांगी असतो. तें आपल्या लांबीच्या शेंकडा २५ ते ३० पर्यंत चेपून घेतें. ताणून मात्र शेंकडा दोनांपलीकडे फारसें वाढत नाहीं, चिरतें.

टोनेटनें हा स्वभाव ओळखला. वाफविलेल्या दांड्याच्या बाहेरच्या अंगास त्यानें लांबीभर लोखंडाची पातळ पट्टी लावली, व तिचीं टोकें दांड्याच्या टोकांशीं घट्ट जखडलीं. पट्टी ताणली जात नाहीं. म्हणून तिच्याशीं जखडलेलें लांकडाचें अंगहि ताणलें जात नाहीं. सर्व भार चेपण्यावर येतो, आणि चेपून घेणें तर लांकडास साधतें. मग तो दांडा पट्टीसकट लोखंडी सांच्यांत बसवून वाळविला, कीं पट्टी काढल्यावरहि वळण कायम राहतें.

ह्या रीतीनें १८५९ सालीं तयार झालेली ‘क्रमांक १४’ ची खुर्ची हीच ती प्रसिद्ध खुर्ची. तिच्यांत लांकडाचे अवघे ६ भाग असतात. मागचे दोन पाय व पाठीची कमान मिळून एकच अखंड दांडा; त्याच्या आंत दुसरी लहान कमान; बसण्याचें कडें; पायांस आवळून धरणारें खालचें कडें; आणि पुढचे दोन पाय. हे सर्व जोडण्यास १० स्क्रू व २ नट पुरतात. सरस नाहीं, कोरीव नक्षी नाहीं. बसण्याची जागा वेतानें विणलेली, म्हणून ती हलकी व हवेशीर. सुटे भाग केले तर एक मीटर लांब, रुंद व उंच अशा एकाच पेटाऱ्यांत ३६ खुर्च्या मावत. त्या आगबोटीनें कोठेंहि पाठवाव्या व तेथें जोडून घ्याव्या. तिच्या अंगावर जो डौल दिसतो तो वरून चढविलेला नाहीं. लांकडास जें वळण झेपलें तेंच तिचें रूप झालें.

कारखाना व्हिएन्नांत न ठेवतां मोराविया प्रांतांत कोरिचानी येथें काढला गेला, कारण तेथें बीच वृक्षांचीं दाट अरण्यें होतीं. ह्या लांकडाचे धागे सरळ असल्यामुळें तें वांकविण्यास उत्तम. काम लहान लहान भागांत वांटलें होतें: कोणी दांडे चरकावर कांतावे, कोणी वाफवावे, कोणी वांकवावे, कोणी घासावे, वेत विणण्याचें काम बहुतेक स्त्रियांच्या हातीं असे. खेड्यांतील ज्या लोकांनीं पूर्वीं रंधा धरला नव्हता ते थोड्या शिकवणीनें हें काम करूं लागले. ह्यांत विचार करण्यासारखी एक गोष्ट आहे. निष्णात सुतारानें आयुष्य वेंचून जी खुर्ची शोधली, ती बनविण्यास निष्णात सुताराची गरज उरली नाहीं. सामान्य माणसास चांगली खुर्ची मिळाली व खेड्यांतील गरिबांस रोजगार मिळाला, हें खरें. परंतु एक खुर्ची आरंभापासून अखेरपर्यंत आपल्या हातांनीं पुरी करण्याचें समाधान त्या कामगारांच्या वांट्यास आलें नाहीं, हेंहि तितकेंच खरें. यंत्रयुगाच्या लाभाबरोबर ही हानि ठिकठिकाणीं दिसून येते, आणि दोहोंचा हिशेब मांडल्याशिवाय ती कथा पुरी होत नाहीं.

१८६७ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनांत ह्या खुर्चीस सुवर्णपदक मिळालें. १८६९ सालीं टोनेटच्या विशेष हक्काची मुदत संपली, व इतर कारखानदारहि तशा खुर्च्या करूं लागले. १८७१ सालीं टोनेट वारला. धंदा त्याच्या पांच मुलांनीं चालविला. १९३० पर्यंत ह्या एकाच नमुन्याच्या सुमारें ५ कोटी खुर्च्या खपल्या असें सांगतात. १९२५ सालीं ल कॉर्ब्युझिए ह्या प्रख्यात वास्तुशिल्पज्ञानें पॅरिसच्या प्रदर्शनांतील आपल्या नमुन्याच्या घरांत टोनेटच्याच खुर्च्या ठेविल्या. त्याच सुमारास जर्मनींत मार्सेल ब्रॉयर ह्यानें सायकलच्या वांकविलेल्या नळ्या पाहून पोलादी नळ्यांची खुर्ची घडविली. आणि पुढें फिनलंडांत आल्व्हार आल्टो ह्यानें आपल्या देशचें बर्च लांकूड थराथरांनीं वांकवून पाइमिओ येथील क्षयरोग्यांच्या आरोग्यधामासाठीं आरामखुर्ची केली. पदार्थ निराळे, पण द्रव्याचा स्वभाव ओळखून त्यास वळवावें, हा धडा तोच.

टोनेट घराण्यानें त्याच मोराविया प्रांतांत १८६१ सालीं उभारलेला एक कारखाना आज ‘टॉन’ ह्या नांवानें चेक देशांत चालू आहे. तेथें अजूनहि कामगार वाफेंतून काढलेला ऊन दांडा झटपट हातांनींच वांकवून सांच्यांत बसवितात. कारण दांडा निवला कीं वेळ गेली.

आपल्या भाषेंत लांकडाच्या वांकास वळण म्हणतात, आणि मुलांच्या चालरीतीसहि वळणच म्हणतात. आईबापांनीं व शिक्षकांनीं ह्या खुर्चीपासून एवढें घ्यावें कीं, वळण लावण्यास ऊब लागते, वेळ साधावी लागते, आणि जेथें चिरण्याची भीति असते त्याच अंगास आधार द्यावा लागतो. विद्यार्थ्यांस सांगणें इतकेंच कीं, अशी खुर्ची पुन्हां भेटली म्हणजे बसण्यापूर्वीं तिच्याभोंवतीं एक फेरी घाला. मागच्या पायापासून बोट फिरवीत पाठीवरून दुसऱ्या पायापर्यंत या, आणि सांधा लागतो काय तें पाहा. सांधा लागला नाहीं, तर बोपार्डच्या त्या कर्जबाजारी सुताराची आठवण करा.