'स्पायडर-मॅन ३' : कथानकाची पुनर्रचना आणि आशयसूत्राचा प्रश्न

एखाद्या कलाकृतीचे कथानक बदलून पाहणे हे समीक्षेचे काम आहे काय, असा आक्षेप प्रस्तुत लेखाच्या विषयावर घेतला जाणे स्वाभाविक आहे. जे आहे त्याचे विश्लेषण आणि मूल्यमापन समीक्षकाने करावे, जे असायला हवे होते त्याची रचना करीत बसू नये, हा दंडक आपल्याकडे बहुतेकांना मान्य आहे. आपल्या जुन्या साहित्यशास्त्राने मात्र कथानकात फेरफार करण्याच्या व्यवहाराकडे तुच्छतेने पाहिलेले नाही. परंपरेने आलेल्या इतिवृत्तातील जो भाग रसाला प्रतिकूल असेल तो टाकावा आणि त्याला अनुकूल अशी कथा कवीने स्वतः कल्पून मध्ये घालावी, अशी मोकळीक आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या तिसऱ्या उद्योतात दिली आहे. महाभारतातील दुष्यंत शकुंतलेला ओळखत असूनही नाकारतो. कालिदासाने तेथे दुर्वासाचा शाप आणि मुद्रिका आणली. ही मोकळीक कवीची आहे, समीक्षकाची नव्हे, हे खरे. तथापि, एखादी रचना नेमकी कोठे सैल आहे हे सांगण्याचा एक खात्रीचा मार्ग म्हणजे ती कशाने घट्ट झाली असती हे दाखवणे. प्रस्तुत लेखात तेवढ्यापुरताच हा प्रयत्न केला आहे.

त्यासाठी निवडलेली कृती आहे सॅम रायमी यांनी दिग्दर्शित केलेला 'स्पायडर-मॅन ३' (२००७) हा अमेरिकन चित्रपट. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी १९६२ साली चित्रकथेत जन्माला घातलेल्या नायकावरील रायमी यांच्या तीन चित्रपटांपैकी हा शेवटचा. (पहिले दोन अनुक्रमे २००२ आणि २००४ मधले.) जगभर सुमारे ८९ कोटी डॉलरची मिळकत करूनही मालिकेतील सर्वांत विस्कळीत चित्रपट म्हणूनच तो ओळखला जातो. सर्वसाधारण तक्रार अशी, की यात खलनायक फार झाले. व्हेनम हे पात्र निर्माते आवी अराद यांच्या आग्रहामुळे आले, ही गोष्टही या तक्रारीच्या पुष्टीसाठी सांगितली जाते. ही तक्रार वरवरची आहे असे मला वाटते. पात्रांची संख्या हा दोष असता तर महाकाव्य ही जातच सदोष ठरली असती. प्रश्न असा आहे, की या तिघांना एकाच कथेत बांधणारे आशयसूत्र आहे काय? माझ्या मते ते आहे. चित्रपटाने ते पेरले, पण वाढवले नाही.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथेचा गोषवारा देणे आवश्यक आहे. पीटर पार्कर हा न्यूयॉर्कमधील तरुण कोळ्याच्या शक्तीने शहराचे रक्षण करतो. आता तो लोकप्रिय झाला आहे आणि त्या लोकप्रियतेने थोडा फुगलाही आहे. त्याच्या बेन काकांचा खून पहिल्या चित्रपटात झाला होता. त्यांचा खरा मारेकरी फ्लिंट मार्को हा तुरुंगातून पळालेला कैदी आहे, असे पोलीस अधिकारी स्टेसी पीटरला व मे काकूला बोलावून सांगतात. मार्कोची लहान मुलगी आजारी आहे आणि तिच्या उपचारासाठी त्याला पैसा हवा आहे. पळताना एका वैज्ञानिक प्रयोगाच्या खड्ड्यात पडून तो वाळूचा माणूस बनतो. दुसरीकडे पीटरचा मित्र हॅरी ऑसबॉर्न आपल्या वडिलांच्या मृत्यूबद्दल पीटरला दोषी धरून त्याच्यावर हल्ला करतो आणि डोक्याला मार बसून स्मृती गमावतो. उल्केबरोबर आलेला एक काळा, सजीव पदार्थ पीटरला चिकटून त्याचा पोशाख होतो व त्याच्यातील क्रौर्य वाढवतो. एडी ब्रॉक हा प्रतिस्पर्धी छायाचित्रकार बनावट छायाचित्र छापतो, पीटर ते उघडे पाडतो आणि एडीची नोकरी जाते. चर्चच्या घंटाघरात पीटर तो काळा पोशाख अंगावरून ओरबाडून काढतो. तो खाली उभ्या असलेल्या एडीवर पडतो आणि व्हेनम जन्मतो. शेवटी मार्को व व्हेनम एकत्र येऊन मेरी जेनला, पीटरच्या प्रेयसीला, ओलीस धरतात. हॅरी मदतीस येतो व मरतो, एडीही मरतो, मार्कोला पीटर क्षमा करतो.

या सारांशात 'आणि' हा शब्द किती वेळा येतो ते पाहावे. ॲरिस्टॉटलने घटना एकीनंतर एक येणे आणि एकीमुळे दुसरी येणे यांत केलेला भेद येथे उपयोगी पडतो. उल्का नेमकी पीटरच्या शेजारी पडते, मार्को नेमका प्रयोगाच्या वेळी खड्ड्यात पडतो, हॅरी नेमके हवे तेवढेच विसरतो, एडी नेमका त्याच चर्चमध्ये येतो. यांतील पहिल्या दोन गोष्टींना मी हरकत घेणार नाही, अद्भुताची सुरुवात अशीच व्हायची. पुढील दोन मात्र कथेच्या पोटात घडतात आणि तेथे योगायोगावर विसंबणे परवडत नाही.

आता आशयसूत्राकडे वळू. या चित्रपटात फिर्यादी तीन आहेत. पीटरची फिर्याद मार्कोविरुद्ध आहे, हॅरीची पीटरविरुद्ध आणि एडीची पीटरविरुद्ध. प्रत्येकाचे काहीतरी गेले आहे आणि प्रत्येकाला त्याचा सूड हवा आहे. मर्ढेकरांच्या परिभाषेत सांगायचे तर येथे संवादलय आणि विरोधलय दोन्ही सिद्ध आहेत. तिघांची स्थिती सारखी आहे, पण हॅरीची फिर्याद गैरसमजावर उभी आहे, पीटरची अर्धसत्यावर, तर एडीची स्वतःच्याच अपराधावर. समतोललय मात्र कोठेच साधत नाही, कारण या तीन फिर्यादी एकमेकींसमोर कधी उभ्याच केल्या जात नाहीत. त्या आळीपाळीने पडद्यावर येतात आणि निघून जातात.

ज्या एका गोष्टीने हा तोल साधला असता ती चित्रपटाच्या हातात होती. २००२ च्या चित्रपटात पीटर कुस्तीच्या आखाड्यात उतरतो. ३,००० डॉलरच्या आशेने जिंकलेल्या सामन्याचे आयोजक त्याला केवळ १०० डॉलर देतो. त्याच वेळी एक चोर आयोजकाचे पैसे लुटून पळतो आणि पीटर त्याला मुद्दाम लिफ्टकडे जाऊ देतो. हा चोरच पुढे काकांचा खुनी ठरतो. २००४ च्या चित्रपटात पीटर ही गोष्ट मे काकूजवळ कबूल करतो. ती प्रथम हात काढून घेते, पण नंतर त्याला जवळ करते. म्हणजे तिसऱ्या चित्रपटाच्या प्रारंभी पीटर हा क्षमा मिळालेला माणूस आहे. तिसऱ्या चित्रपटाने या सर्वांवर पाणी फिरवले आहे. आता खुनी तो चोर नव्हे, त्याचा साथीदार मार्को, असे सांगितले जाते आणि पीटरचा अपराध परस्पर हलका होतो.

येथे कालिदासाची आठवण पुन्हा होते. दुर्वासाचा शापही दुष्यंताचा अपराध हलकाच करतो, आणि त्याबद्दल कालिदासाला दोष देणारेही आहेत. पण शापाने जे घेतले ते कालिदास सहाव्या अंकात व्याजासह परत करतो. मुद्रिका सापडल्यावरचा राजाचा पश्चात्ताप इतका दीर्घ आणि दाहक आहे, की तो निर्दोष होता हे प्रेक्षकाच्या मनात उरतच नाही. रायमी आणि त्यांच्या सहलेखकांनी शाप घातला, सहावा अंक घातला नाही.

म्हणून पुनर्रचनेचे सूत्र मी असे मांडतो : ज्याला क्षमा मिळाली आहे त्याच्यावर तिचे ऋण असते, आणि हे ऋण विसरलेल्या माणसाची ही कथा आहे. या सूत्रासाठी नवे पात्र लागत नाही, नवा प्रसंगही फारसा लागत नाही. केवळ काही दुवे बदलावे लागतात.

प्रथम हॅरीची स्मृती. हा या चित्रपटातील सर्वांत उपहासिलेला भाग असला तरी तो मी काढणार नाही. वडिलांचा मृत्यू त्यांच्याच उडत्या यंत्राच्या पात्याने झाला हे पीटरला ठाऊक आहे. मरणाऱ्याने ते मुलाला सांगू नको असे विनवले, म्हणून तो गप्प राहिला आहे. आता मित्र वैर विसरला आहे, दोघे पुन्हा हसू-खेळू लागले आहेत. चित्रपटात पीटरला याचे केवळ समाधान वाटते. पुनर्रचनेत ते समाधान हाच त्याचा अपराध ठरावा. विस्मृती म्हणजे क्षमा नव्हे हे त्याला कळते, तरीही ती स्वस्तात मिळालेली मैत्री तो उपभोगतो. एकदा सांगण्याची संधी येते आणि तो ती टाळतो. इतका एक प्रसंग पुरेसा आहे.

काळ्या पोशाखाच्या बाबतीत चित्रपटाचे एक श्रेय मान्य केले पाहिजे. मार्कोच्या विचाराने पेटलेला पीटर पोलिसांचे संदेश ऐकत झोपी जातो आणि तेव्हाच तो पदार्थ त्याला ग्रासतो. ही योजना अचूक आहे. पुढे मात्र दिग्दर्शकाचे लक्ष ढळते. कपाळावर ओढलेले केस, रस्त्यातील नाचरी चाल, यांत बराच वेळ खर्ची पडतो. (हा विनोद हेतुपुरस्सर आहे असे समर्थन केले जाते. तो हेतू मान्य केला तरी प्रमाणाचा प्रश्न उरतोच.) वास्तविक या काळात पीटर चार जणांवर घाव घालतो. भुयारी रेल्वेत मार्कोला पाण्याने वाहवून तो मेला असे समजतो, हॅरीचा चेहरा विद्रूप करतो, एडीला देशोधडीला लावतो, आणि जॅझ क्लबमध्ये मेरी जेनला त्याचा हात लागून ती पडते. यांतील एडी आणि हॅरी यांच्या प्रसंगांत एक विलक्षण साम्य आहे, ज्याची चित्रपटाला जाणीव दिसत नाही. दोन्ही ठिकाणी पीटर शस्त्रासारखे शब्द वापरतो. एडीचे छायाचित्र बनावट आहे हे सत्यच आहे, पण पीटर ते उघडे पाडतो ते सत्यासाठी नव्हे. हॅरीला तर वडिलांना त्याची लाज वाटत होती असे तो ऐकवतो. पुनर्रचनेत याच क्षणी वडिलांच्या मृत्यूची हकीकतही त्याच्या तोंडून बाहेर पडावी. जी गोष्ट मैत्रीपोटी सांगायची राहिली ती क्रौर्यापोटी सांगितली जाते, आणि अर्थातच हॅरी तिच्यावर विश्वास ठेवत नाही.

असे केल्याने चित्रपटातील सर्वांत लंगडा दुवा आपोआप गळतो. तेथे ऐन वेळी हॅरीचा वृद्ध नोकर पुढे येतो आणि जखम मी स्वतः पाहिली होती, असे सांगतो. इतकी वर्षे तो गप्प का होता, या प्रश्नाला चित्रपटाजवळ उत्तर नाही. पुनर्रचनेत पोशाख टाकल्यावर पीटर स्वतः हॅरीकडे जातो. चित्रपटातही तो जातो, पण मेरी जेनला सोडवण्यासाठी मदत मागायला. येथे तो त्याआधीच, काही न मागता, तीच हकीकत दुसऱ्यांदा सांगायला जातो. शब्द तेच राहतात, सांगणारा बदललेला असतो. हॅरीचे शेवटी येणे आणि मित्रासाठी मरणे यांना मग कारण मिळते.

एडीला वगळावे असे अनेकांचे मत आहे. मला तो हवा आहे, कारण क्षमेच्या कथेत क्षमा नाकारणारा एक जण असावाच लागतो. चर्चचा योगायोगही फारसा अवघड नाही. घंटाघरातून उतरलेल्या पीटरला खाली एडी भेटावा, पीटरने त्याची माफी मागावी आणि देवापाशी पीटरचे मरण मागायला आलेल्या एडीने ती धुडकावावी. काळा पदार्थ त्याला यानंतर चिकटावा. तो अपघाताने पडत नाही, त्याला निमंत्रण मिळालेले असते. शेवटी तो नष्ट होत असताना एडी त्यात पुन्हा उडी घेतो, हा चित्रपटातील प्रसंग मग जसाच्या तसा ठेवता येतो आणि अधिक अर्थपूर्ण होतो. मार्कोला तो सहज वळवतो, कारण पीटर तुला जिवंत सोडणार नाही हे त्याचे म्हणणे पीटरनेच खरे करून दाखवले आहे. ग्वेन स्टेसीविषयी विशेष लिहिण्याचे कारण नाही. ती वगळली तरी काही बिघडत नाही.

राहिला मार्कोचा कबुलीजबाब. चित्रपटात तो सांगतो, की आपण बेनवर पिस्तूल रोखले होते, पण ते उडाले ते साथीदार पैसे घेऊन धावत आला आणि त्याचा हात लागला म्हणून. पीटर हे ऐकतो आणि क्षमा करतो. तो साथीदार कोण? ज्याला पीटरने शंभर डॉलरच्या रागापायी लिफ्टकडे जाऊ दिले तोच. संहितेने ही साखळी स्वतःच तयार केली आणि तिच्याकडे पाहिलेही नाही! येथे पीटर बोलला पाहिजे. त्या रात्री तो माणूस माझ्या समोरून गेला, मी त्याला अडवले नाही, इतके त्याने सांगितले की मार्को आणि तो एकाच पातळीवर येतात. चित्रपटातील क्षमा वरून खाली दिलेली आहे. ही तशी राहत नाही. शिवाय खून करणाऱ्या गोळीमागे मुळात एक क्षुल्लक सूड होता, हे उघड होऊन तिन्ही चित्रपट एका कार्यात ओवले जातात.

एक अडचण तरीही उरते. बेनच्या खुनाची क्षमा करण्याचा अधिकार पीटरला आहे काय? मे काकूने त्याला पूर्वी जी क्षमा केली ती तिची होती, आणि मार्कोबद्दलची फिर्यादही प्रथम तिचीच आहे. मार्को मेला असे पीटर सांगतो तेव्हा ती आनंदत नाही, हे चित्रपटाने दाखवले आहे. पण अखेरच्या कबुलीच्या वेळी ती जवळपास कोठेही नाही. मार्को धूळ होऊन उडून जातो, चित्रपटगृहांत दाखवलेल्या आवृत्तीत त्याच्या मुलीचे पुढे काय झाले तेही कळत नाही, आणि कथा जॅझ क्लबमधील नृत्यावर संपते. पुनर्रचनेत ते नृत्य शेवटचे नसावे. त्यानंतर मार्को, मुलीचे चित्र असलेले लॉकेट हातात घेऊन, मे काकूच्या दारात उभा असावा. पीटरने त्याला तेथवर आणावे, पण स्वतः मध्ये बोलू नये. ती त्याला आत घेते की नाही, हे संहितेने सांगावे असे मला वाटत नाही. तिने दार उघडून त्याला नाव विचारावे, एवढे पुरे.