पूररेषेच्या आत

पाण्याला जात नसते, असे म्हणण्याची पद्धत आहे. ते खरेही आहे. पण पाणी ज्या जागेत शिरते त्या जागेला जात असते. नदीकाठचा उंचवटा कोणाच्या वाट्याला आला आणि खोलगट कोणाच्या, हे काही पाण्याने ठरविलेले नाही.

गंगापूर रोडवरील एका महाविद्यालयात मी शिकवतो. रस्त्यावर बंगले, मंगल कार्यालये, उंच इमारती. आणि खालच्या अंगाला गोदावरी. तिच्या काठच्या वस्तीत मी वाढलो. वडील बिगारी, आई याच बंगल्यांतून धुणीभांडी करी. सप्टेंबर २००८ मध्ये गोदेला महापूर आला तेव्हा मी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला होतो. आईने धान्याचा डबा उचलला, मी पुस्तके उचलली. कागदांची पेटी राहिली. रेशनकार्ड, जातीचा दाखला, सारे चिखलात गेले. पुढे पंचनाम्याला आलेल्या माणसाने रहिवासाचा पुरावा मागितला. पुरावा पुराने नेला होता आणि पुराव्यावाचून आमचा पूर सिद्ध होत नव्हता!

म्हणून ‘आपत्ती व्यवस्थापन’ हा शब्द आपण नीट तपासला पाहिजे. पाऊस निसर्गाचा असतो; आपत्ती मात्र समाजरचनेतून घडते.

नाशिकच्या पश्चिमेला गंगापूर धरण आहे. तेथून सोडलेले पाणी क्युसेकमध्ये जाहीर होते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. आईला क्युसेक कळत नसे. दुतोंड्या मारुती कळे. पाणी त्याच्या कमरेला, छातीला की गळ्याला, यावर नाशिककर पिढ्यान्‌पिढ्या पूर मोजत आले आहेत. पण मारुती रामकुंडाजवळ आणि आमचे दार त्याच्या वरच्या अंगाला. किती क्युसेकला आमच्या कोणत्या बोळात पाणी शिरेल, हे सांगणारी खूण वस्तीत नव्हती. शिवाय धरणाखाली पडणाऱ्या पावसाचे पाणी वेगळेच. जी सूचना उंबऱ्याच्या भाषेत येत नाही, ती गरिबाच्या लेखी सूचनाच नव्हे.

२००८ नंतर येथे पूररेषा आखल्या गेल्या. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. याचा अर्थ एकदा पूर आला की पंचवीस वर्षे निश्चिंती, असा नाही. निळ्या रेषेपर्यंत पाणी येण्याचा संभव दर वर्षी शंभरात चार, एवढाच तो अर्थ. हा हिशेब मागच्या पावसावरचा आहे आणि पाऊस तर बदलतो आहे. हवा एका अंशाने तापली की सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरते. मध्य भारतात दूरवर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिप्पट झाल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते. ऑगस्ट २०१९ मध्ये दुतोंड्या मारुती पुन्हा बुडाला.

रेषा एकच, पण तिचा अर्थ दोन ठिकाणी दोन. बंगल्याला ती बांधकाम परवानगीचा प्रश्न, झोपडीला उठवणीचा. वस्ती हलवू नये, असे मी म्हणत नाही. परंतु सुरक्षित घर कामापासून दूर दिले, तर माणूस पुन्हा काठावर येतो. पूर वर्षातून एखादे वेळी येतो, भूक रोज येते.

उपाय दानातून निघणार नाही. १९७२ च्या दुष्काळात लोकांनी भीक नव्हे, काम मागितले. १९७७ चा रोजगार हमी कायदा त्या अनुभवातून आला. आज २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे. त्याच्या कलम ६१ नुसार मदत आणि भरपाई देताना जात, धर्म, लिंग यांवरून भेदभाव करता येत नाही. कलम ३१ नुसार जिल्हा योजनेत धोक्याची क्षेत्रे नोंदवावी लागतात. आपल्या वस्तीचे नाव त्यात आहे काय, हा पहिला प्रश्न कार्यकर्त्यांनी विचारावा. विद्यार्थ्यांनी म्हाताऱ्यांना विचारून मागच्या पुरांच्या खुणा भिंतींवर रंगवाव्यात. कोणाला उचलून न्यावे लागेल याची यादी करावी. शिक्षकांनी कागदपत्रांच्या प्रती सुरक्षित जागी ठेवाव्यात आणि पावसाळ्यापूर्वीच शाळेची किल्ली कोणाकडे असेल, हे ठरवून घ्यावे. पुरात बुडालेली मजुरी हेही नुकसानच आहे. ते भरपाईच्या मागणीत लिहिले पाहिजे.

महाडला १९२७ मध्ये आपण पाण्यावरचा हक्क सांगितला. आता पाण्यापासून सुरक्षित राहण्याचा हक्क सांगावयाचा आहे. परवा वस्तीत पहिली खूण रंगवली. आईने जागा दाखविली. ती माझ्या खांद्याच्याही वर होती.