साखरेचा अहवाल आणि रक्तातला 'एस'

घृष्णेश्वराच्या वाटेवर दुकान असलेले एक गृहस्थ माझे जुने पेशंट. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) गेल्या वर्षी अहवाल नाचवतच आले. "डॉक्टरसाहेब, तीन महिन्यांची साखर ५.९! आता गोळी बंद ना?" मी बोट टोचून पाहिले, तर उपाशीपोटी १७८. आठवड्याने पुन्हा तेच. दोन्ही आकडे एकाच माणसाचे, हे पटेना.

'तीन महिन्यांची साखर' म्हणजे एचबीए-वन-सी. तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिन या प्रथिनाला साखर चिकटते आणि पेशी जगेल तोवर, म्हणजे साधारण १२० दिवस, चिकटूनच राहते. असे हिमोग्लोबिन शेकडा किती, ते प्रयोगशाळा मोजते. पण मोजण्याच्या पद्धती अनेक, आणि हिमोग्लोबिनची घडण जन्मतःच वेगळी असेल तर त्यांतल्या काही फसतात. तांबड्या पेशी अकाली मोडत असतील तर आकडा खोटा कमी येतो. लोहाच्या कमतरतेत पुष्कळदा वाढून येतो.

म्हणून नमुना संभाजीनगरला 'एचपीएलसी'साठी पाठवला. यात रक्त औषधी द्रवाबरोबर बारीक नळीतून सोडतात. हिमोग्लोबिनचे प्रकार एकामागून एक बाहेर पडतात आणि कागदावर डोंगरासारखे उंचवटे उमटतात. यांच्या कागदावर एक डोंगर जास्तीचा होता, 'एस'चा. गृहस्थ सिकलसेलचे वाहक निघाले! आजोबा नंदुरबारकडून आलेले, हे तेव्हा कळले. डीएनएतले एक अक्षर बदलले की हे हिमोग्लोबिन तयार होते. ते विजेच्या प्रवाहात निराळ्या चालीने सरकते, हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवले होते.

वाहकाला सहसा त्रास नसतो. पण नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. आणि यांच्या मुलीची सोयरीक ठरलेली! तिचे रक्त तपासले, तीही वाहक. घरात रडारड. मी म्हटले, "सोयरीक मोडायची घाई करू नका, आधी मुलाचे रक्त पाहू." त्याचीही एचपीएलसीच करायला सांगितली. सिकलसेलची नेहमीची झटपट चाचणी इथे पुरत नाही, कारण तिच्यात थॅलेसेमियाचा वाहक सापडत नाही, आणि ती जोडीही बाळाला बाधू शकते.

मुलाचा अहवाल निर्दोष आला. लग्न ठरल्या तिथीला झाले. सासरेबुवांची गोळी मात्र चालूच आहे. त्यांची साखर आम्ही आता बोट टोचून आणि 'फ्रुक्टोसामिन' तपासून पाहतो. तिच्यात रक्तद्रवातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजतात, हिमोग्लोबिनचा संबंधच येत नाही.