पाऊस किती नव्हे, कसा पडला?

पावसाळा संपत आला की सरासरीच्या किती टक्के पाऊस झाला, याची चर्चा सुरू होते. हा आकडा फसवा ठरू शकतो. महिनाभर कोरडे गेलेले गाव दोन दिवसांच्या मुसळधार पावसात सरासरी गाठते, पण तोवर पिके वाहून गेलेली असतात आणि विहिरीत पुराचे पाणी शिरलेले असते.

पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञ डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी सहकाऱ्यांसह पावसाच्या या बदलत्या स्वभावाचा अभ्यास केला. २०१७ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील एकूण मोसमी पाऊस घटला. मात्र एकाच वेळी विस्तीर्ण प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या.

हे कसे घडते? तापलेली जमीन आणि तुलनेने थंड समुद्र यांच्या तापमानातील फरकामुळे मोसमी वारे वाहतात. हिंदी महासागर, विशेषतः त्याचा पश्चिम भाग, झपाट्याने तापल्याने हा फरक कमी झाला आणि वारे मंदावले. दुसरीकडे, हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. अरबी समुद्रावरून येणारे वारे आता पूर्वीपेक्षा लहरी झाले आहेत. ते मधूनच जोर धरतात, तेव्हा बाष्पाचा लोंढाच जमिनीकडे येतो.

पूर ओसरला तरी धोका संपत नाही. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून गॅस्ट्रो, कावीळ, विषमज्वर पसरतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर शहरात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. उंदरांच्या लघवीतील जंतू साचलेल्या पाण्यातून, पायावरच्या जखमांवाटे शरीरात शिरतात.

डेंग्यूचे गणित वेगळे आहे. सोफिया याकूब आणि डॉ. कोल यांनी पुण्यातील डेंग्यूचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. पावसाळ्यात सरासरी तापमान २७ अंशांच्या वर, आर्द्रता ६० ते ७८ टक्के आणि पाऊस मध्यम, सतत पडणारा असेल तर डेंग्यू वाढतो. आठवड्याला १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास डासांची अंडी व अळ्या वाहून जातात. म्हणजे रिमझिम पाऊसही बेफिकीर राहण्यासारखा नसतो.

या अभ्यासांचा खरा उपयोग पूर्वसूचनेसाठी आहे. व्यापक अतिवृष्टीचा अंदाज दोन-तीन आठवडे आधी बांधता येण्याची शक्यता आहे, तर डेंग्यूच्या साथीचा सुमारे दोन महिने आधी. तेवढ्या अवधीत औषधसाठा, प्लेटलेट आणि खाटांची तयारी होऊ शकते. त्यासाठी आरोग्य खात्याच्या रुग्णनोंदी नियमितपणे हवामानशास्त्रज्ञांपर्यंत पोहोचायला हव्यात.

घरच्या पातळीवर आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून, घासून कोरडी करावीत. पुराच्या पाण्यातून चालल्यानंतर महिनाभरात ताप, पोटऱ्यांत वेदना किंवा डोळे लाल झाल्यास डॉक्टरांना त्या पाण्याबद्दल आवर्जून सांगावे. डेंग्यूची शंका असताना अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये. त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.