रोवणीच्या दिवसांत लेकरू कोणापाशी?

अड्याळ आणि त्याच्या आसपासच्या खेड्यांत सहा वर्षांखालच्या मुलाचा दिवस बहुतेक घरी धानाच्या पिकावर बेतलेला असतो. अड्याळ हे भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातले मोठे गाव, भंडाऱ्याहून पवनीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. बाजार, दवाखाना, पोलीस ठाणे अशा कामांसाठी भोवतालच्या गावांचे लोक इथे येतात. गावात नोकरदारांची आणि दुकानदारांची घरे आहेत, तरी वस्ती संपली की चहूकडे बांध्याच बांध्या दिसतात. जूनमध्ये पऱ्हे टाकायचे, जुलै-ऑगस्टात रोवणी, दिवाळीच्या मागेपुढे कापणी आणि मग चुरणे, असा हा वर्षाचा फेरा. कालव्याचे किंवा बोअरचे पाणी असलेला शेतकरी उन्हाळी धानही घेतो, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत दुसरी रोवणी येते. नांगरणी-चिखलणी पुरुषांकडे आणि ट्रॅक्टरकडे, पण रोवणी जवळजवळ पूर्णपणे बायांची. सकाळी घराबाहेर पडलेली बाई दिवस मावळायला आला की परतते. घरात तान्हे मूल आहे म्हणून रोवणी थांबत नाही, कारण पऱ्ह्याचे वय निघून गेले की उतारा घटतो आणि मजुरीचे दिवसही तेवढेच असतात.

पहिल्या बाळंतपणासाठी लेकीने माहेरी यायचे, ही रीत अजून टिकून आहे. बाळंतपण मात्र आता दवाखान्यात होते. 2005 पासूनच्या जननी सुरक्षा योजनेने आणि 102 क्रमांकाच्या गाडीने हा बदल खेड्यापाड्यांत रुजवला. मूल घरी आल्यावर सव्वा महिना जुन्या पद्धतीने जातो: तेल लावणे, न्हाऊ-माखू, धुरी, शेगडीचा शेक, डिंक-अळिवाचे लाडू. यातले मालिश आणि बाळंतिणीचे सकस खाणे चांगलेच. बंद खोलीतला धूर मात्र नवजात फुप्फुसांना सोसत नाही, आणि नाकात-कानात तेल सोडण्याचा उपयोग तर काहीच नाही. ऊब द्यायची तर आईच्या उघड्या छातीशी बाळ धरणे सर्वांत सोपे, त्याला सरपणही लागत नाही.

याच दिवसांत आशाताई घरी येतात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा अशा सहा दिवशी भेटी ठरलेल्या आहेत; घरी जन्मलेल्यासाठी पहिल्या दिवसाची आणखी एक. वजन करणे, ताप बघणे, श्वास मोजणे, अंगावर नीट पितो का ते पाहणे, एवढे त्यांचे काम. या पद्धतीचा उगम भंडाऱ्याहून फार लांब नाही. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांच्या देखभालीचे शिक्षण दिले. 39 गावांतल्या या प्रयोगात तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाला. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला आणि 2011 मध्ये केंद्र सरकारने ही घरपोच सेवा देशभर नेली. गडचिरोलीही धानाचाच जिल्हा. तिथल्या आईच्या अडचणी आणि इथल्या आईच्या अडचणी यांत फार अंतर नाही.

पहिले सहा महिने अंगावरचे दूध पुरेसे असते, वर पाणीसुद्धा नको, असे आरोग्य विभाग सांगतो. घरात हे पटवणे अवघड जात नाही. अवघड असते ते पाळणे. बाळ तीन-चार महिन्यांचे असताना रोवणी आली, तर आईपुढे दोनच वाटा: मजुरी बुडवायची किंवा बाळाला धुऱ्यापर्यंत न्यायचे. बाळ नेले तर बाभळीच्या नाहीतर पळसाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधतात, सोबत एखादी आठ-दहा वर्षांची बहीण किंवा आजी बसते, आणि आई अधूनमधून चिखलाचे हात धुऊन पाजायला येते. पावसाची सर आली की सगळी पळापळ. घरी ठेवले तर दूध काढून ठेवता येते. उकळून घेतलेल्या झाकणाच्या भांड्यात ते चार तास टिकते आणि वाटी-चमच्याने पाजता येते. ही सोय माहीत असलेली घरे अजून फार कमी आहेत. त्याऐवजी बाटली येते, आणि पावसाळ्यात बाटलीच्या पाठोपाठ हगवण.

सहाव्या महिन्यानंतर वरचे खाणे सुरू होते आणि इथे धानाच्या प्रदेशाची एक खास अडचण दिसते. घरात तांदूळ भरपूर, म्हणून बाळाच्या वाट्याला भाताची पेज नाहीतर वरणावरचे पातळ पाणी येते. पचायला हलके म्हणून ते चांगले, असा समज आहे. बाळाचे पोट मात्र इवलेसे, वजनाच्या दर किलोमागे साधारण 30 मिलिलिटर. आठ किलोच्या बाळाचे पोट पावशेर दुधानेच भरते. तेवढ्या जागेत पेज भरली तर पाणीच जास्त जाते. पोट तट्ट होते, पण वजन हलत नाही. उपाय महागडा नाही. तोच भात मऊ शिजवून, त्यात घट्ट वरण कुस्करून, वरून चमचाभर तेल किंवा तूप घातले की त्याच वाटीतून कितीतरी जास्त बळ मिळते. घास चमच्यावरून ओघळू नये, ही साधी खूण. आठव्या महिन्यापर्यंत दिवसाला दोन-तीन वेळा, नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा आणि मधे थोडे काही, असे प्रमाण सांगितले जाते. तलावांच्या या जिल्ह्यात काटे काढलेला मासा सहज मिळतो, अंडी मिळतात, सांदवाडीत शेवगा असतो, कोंबाची भाजी असते. धानाच्या ओलीवर पिकणारी लाखोळीही घरोघर असते. मोठी माणसे ती खातात, पण तिच्यातला विषारी अंश रोजच्या भरपूर खाण्यात पायांना बाधू शकतो, तेव्हा लहानग्यांच्या वाटीत तूर किंवा मूगच बरा.

एक ते तीन हे वय सर्वांत जिकिरीचे. मूल चालू लागलेले असते, झोळीत राहत नाही, आणि अंगणवाडीत बसण्याएवढे मोठेही नसते. अंगणवाडी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवते आणि गरम आहार देते. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी घरी न्यायचे पाकीट मिळते, पण दिवसभर सांभाळ नाही. मोठ्यांसाठीही ती काही तासच चालते, बांधीतले काम संध्याकाळपर्यंत. मधली पोकळी आजी भरून काढते. कुठे मोठी आई, कुठे काकू, कुठे शेजारीण. आजी स्वतः मजुरीला जाण्याइतकी धडधाकट असेल, तर सांभाळायला उरते ती म्हातारी पणजी किंवा घरातली मोठी पोर. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, आणि दोन-चार आठवड्यांतच रोवणी लागते. चौथी-पाचवीतल्या मुलींची हजेरी त्या दिवसांत का घसरते, याचे उत्तर बहुधा घरातल्या धाकट्याकडे असते.

या वयात धोकेही घराच्या आसपासच असतात. गावालगतची बोडी, भरलेला टाका, कठडा नसलेली विहीर. दोन वर्षांच्या मुलाला बुडायला गुडघाभर पाणी पुरते. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्यांना मण्यार चावते, तीही रात्री, आणि तिच्या चाव्याची खूण पुष्कळदा दिसतसुद्धा नाही. खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी हा यावरचा स्वस्त उपाय. डासांसाठीही तीच कामी येते, कारण पूर्व विदर्भात मलेरिया आणि हत्तीरोग जुने आहेत. सिकलसेलचा आजारही या भागात आहे. तो आई-बाप दोघांकडून येतो, म्हणून लग्नाआधी किंवा निदान गरोदरपणाच्या सुरुवातीला दोघांनी तपासणी करून घ्यावी. वारंवार अंग दुखते, डोळे पिवळे होतात, म्हणून मुलाला अंगारा लावत बसण्यात वेळ जातो. साध्या रक्ततपासणीने निदान होते.

लसींचे वेळापत्रक लोकांना बऱ्यापैकी पाठ आहे: जन्मतः बीसीजी, पोलिओ आणि कावीळ; मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना; नऊ महिने पुरे झाल्यावर गोवर-रुबेला; दीड वर्षाच्या सुमारास बूस्टर. रोवणीत नेमका दीड महिन्याचा डोस पुढे ढकलला जातो, कारण सुईनंतर ताप येतो आणि तापलेले मूल सोडून बांधीत जाता येत नाही.

अंगणवाडीचा पाया केंद्राच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा. ती 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 ठिकाणी सुरू झाली. महाराष्ट्रात तिच्याआधीच ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघांच्या साथीने 1957 पासून कोसबाडला आदिवासी वस्तीत बालवाड्या चालवल्या होत्या. मुले शाळेत येत नसतील तर शाळेने त्यांच्या अंगणात जायचे, ही त्यांची रीत. खेळणी विकत आणायची नाहीत. पाने, बिया, शिंपले, माती हेच साहित्य. अड्याळच्या परिसरात हे सगळे फुकट उपलब्ध आहे, त्यामुळे प्लॅस्टिकच्या तक्त्यांवर भिस्त ठेवलेली अंगणवाडी पाहून नवल वाटते.

अंगणवाडीत दर महिन्याला वजन होते, दंडाचा घेर मोजला जातो. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण, आणि मूल वैद्यकीय देखरेखीखाली आणावे लागते. रोवणीनंतरच्या महिन्यात घसरलेली वजने कोणतीही जुनी सेविका तोंडपाठ सांगेल. शेजारच्या छत्तीसगडमध्ये, तोही भाताचाच मुलूख, बिलासपूरजवळच्या गनियारी इथल्या ‘जन स्वास्थ्य सहयोग’ने याच वयासाठी ‘फुलवारी’ नावाची पाळणाघरे चालवली: सहा महिने ते तीन वर्षांची मुले, सांभाळायला गावातलीच बाई, दिवसातून काही वेळा ताजे खाणे. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेतही अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची तरतूद आहे. रोजगार हमीच्या कामावर पाच लहान मुले असली की त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी, असा नियमच आहे. खासगी बांधीत मात्र तसला नियम लागू नाही, आणि रोवणी तिथेच चालते. तिथे गावाने मिळून दोन महिन्यांपुरते पाळणाघर चालवले, तर एका बाईची मजुरी आणि दहा-बारा मुलांचे खाणे एवढाच खर्च आहे.

रोवणी आटोपते तेव्हा श्रावण सरत आलेला असतो आणि मुलांचे दिवस येतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लाकडी नंदीबैल सजवून, त्याच्या चाकांना दोरी बांधून पोट्टे दारोदार फिरतात आणि बोजारा म्हणून पैसे किंवा खाऊ मिळवतात. विदर्भाबाहेर ही प्रथा फारशी दिसत नाही. चालता येत नाही ते मूल बापाच्या कडेवर, आणि त्याचा नंदी मोठी बहीण ओढते. पुढे भुलाबाई बसते; मुली घरोघर गाणी म्हणतात आणि झाकलेल्या डब्यात काय खिरापत आहे ते ओळखतात. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई येतात, रात्रभर दंडार नाहीतर नाटक चालते, आणि मुले पहिल्या अंकातच सतरंजीवर आडवी होतात. चैत्रात हनुमानाची घोडायात्रा असते, तेव्हा उन्हामुळे मुलांना सकाळी किंवा दिवस उतरल्यावरच नेतात.

घरातली माणसे आता कमी झाली आहेत. तरुण कामासाठी नागपूर, बुटीबोरी, पुण्याकडे जातात. बायको-मूल कधी सोबत, कधी गावीच. जिथे आजी एकटी आहे तिथे स्वयंपाक होईपर्यंत मोबाइल मुलाच्या हाती येतो. दोन वर्षांपर्यंत पडदा नकोच आणि पुढे पाचव्या वर्षापर्यंत दिवसाला तासापेक्षा जास्त नको, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितले आहे. एकट्या आजीला हा सल्ला देऊन भागत नाही, तिला दुपारी दोन तास कोणीतरी सोबत लागते. पैशाची थोडी सोय असलेली घरे तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला कॉन्व्हेंटच्या गाडीत बसवतात. घरी झाडीबोली, वर्गात इंग्रजी कविता. असे मूल बरेच दिवस वर्गात गप्प राहते आणि घरच्यांना ते शिस्तीचे लक्षण वाटते.

सहा वर्षे पुरी झाली की पहिली. शिक्षणाच्या हक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. त्याआधीची वर्षे त्याच्या हमीबाहेर राहिली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा धरला आणि अंगणवाडीची तीन वर्षे पहिली-दुसरीला जोडली. तीन वर्षांखालच्या मुलांचा दिवसभराचा सांभाळ या दोन्हींत येत नाही.