परराज्यातील मोटारगाडी आणि नावाची नोंद

आपल्या व्यापारी कुटुंबांचे सोयरसंबंध राज्यांच्या सीमा मानत नाहीत. मुलगी हुबळीला दिलेली, व्याही इंदूरचे, साडू बेळगावात आणि पुतण्या नोकरीनिमित्त दिल्लीला, अशी घरे आपल्या कोल्हापूर-सांगली भागात कितीतरी आहेत. त्यामुळे जुनी मोटारगाडी घ्यायचे नुसते मनात आले, तरी पाहुण्यांचा फोन येतो : "इकडे एक गाडी आहे, एकाच मालकाने वापरलेली आहे, तुमच्याकडच्यापेक्षा बरीच स्वस्त पडेल." या स्वस्ताईत खोटे काही नसते. मात्र ती कशामुळे आली आणि गाडी आपल्या नावावर होईपर्यंत तिच्यातील किती उरते, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. पेढीवर पाच रुपयांचा फरक शोधण्यासाठी रात्री उशिरापर्यंत बसणारी माणसेही गाडीच्या बाबतीत भोळी होतात, हे बँकेत वाहनकर्जाचे टेबल सांभाळताना मी अनेकदा पाहिले आहे.

दिल्लीचे उदाहरण घेऊ. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांहून जुन्या डिझेल आणि पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांना राजधानी परिसरातील रस्त्यांवर मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तोच निर्बंध उचलून धरला. पुढे या आदेशांच्या अंमलबजावणीत बदल होत राहिले, तरी तेथील मालकाच्या मनात बसलेली धास्ती गेली नाही. सात-आठ वर्षे वापरलेली सुस्थितीतील डिझेल गाडीसुद्धा तो मिळेल त्या किमतीला काढतो. याचा लाभ बाहेरच्या राज्यातील ग्राहकाला मिळतो आणि त्यात गैर काहीच नाही. मात्र ती गाडी आपल्या गावी आणताना महाराष्ट्राचा मोटार वाहन कर नव्याने भरावा लागतो. पहिल्या मालकाने दिल्लीत भरलेला कर येथे वजा होत नाही.

हा कर आपण मोजलेल्या किमतीवर नव्हे, तर गाडीच्या मूळ किमतीवर ठरतो आणि गाडीच्या वयानुसार त्यात घट मिळते. व्यक्तीच्या नावावरील नव्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात किमतीप्रमाणे ११, १२ किंवा १३ टक्के, तर डिझेलला १३, १४ किंवा १५ टक्के एकरकमी कर आहे. कंपनीच्या नावावर गाडी घेतल्यास दर याहून चढा असतो. तेव्हा बारा लाखांना विकली गेलेली डिझेल गाडी आपण साडेचार लाखांत घेतली, तरी कराचा हिशेब बारा लाखांपासून सुरू होतो. म्हणून सौद्याच्या वेळी पहिल्या खरेदीचे मूळ बिल मागून घ्यावे आणि कराचा आकडा परिवहन कार्यालयातून आधीच काढून आणावा. या आकड्यात वाहतूक, नोंदणीचे शुल्क, नव्या नंबर प्लेटचा खर्च आणि दोन-तीन हेलपाट्यांचा खर्च मिळवला की 'लाखभराने स्वस्त' गाडीचे खरे मोल कळते. कित्येकदा फरक वीस-पंचवीस हजारांवर येतो, आणि मग आपल्याच गावातील ओळखीच्या गॅरेजवाल्याने दाखवलेली गाडी अधिक शहाणपणाची ठरते.

आता एका सार्वत्रिक गैरसमजाकडे वळू. "परराज्याच्या नंबरवर बारा महिने गाडी चालवता येते," असे पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४७ मध्ये बारा महिन्यांचा उल्लेख आहे, हे खरे. परंतु ती मुदत गाडी दुसऱ्या राज्यात नेल्यानंतर नवा नोंदणी क्रमांक घेण्यासाठी आहे. बदली होऊन बंगळूरहून पुण्यास आलेल्या आणि स्वतःचीच गाडी सोबत आणलेल्या माणसाला तिचा आधार घेता येतो. गाडी विकत घेणाऱ्याला कलम ५० लागू होते. त्यानुसार विकणाऱ्याने, गाडी परराज्यात नोंदलेली असल्यास, पंचेचाळीस दिवसांत ना हरकत प्रमाणपत्रासह हस्तांतरणाची कागदपत्रे परिवहन कार्यालयाकडे पाठवायची असतात आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आपल्या कार्यालयास कळवायचे असते. बारा महिन्यांच्या भरवशावर निर्धास्त राहिलेला ग्राहक पहिल्याच महिन्यानंतर कायद्याच्या दृष्टीने उशिरा आलेला असतो.

सारे काही अडते ते ना हरकत प्रमाणपत्रावर. हे प्रमाणपत्र मूळ कार्यालय देते, त्यासाठी नमुना २८ भरावा लागतो आणि अर्ज विकणाऱ्याच्या नावाने जातो. गाडीवर थकीत कर, न भरलेले दंडाचे चलन किंवा पोलिसांकडील नोंद असल्यास ते मिळत नाही. चोरीची नोंद आहे की नाही, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेतूनही पाहता येते. इसार देण्यापूर्वी हे पाहिलेच पाहिजे. आणखी एक बारकावा म्हणजे प्रमाणपत्रात गाडी कोणत्या कार्यालयाच्या हद्दीत जाणार ते लिहिलेले असते. घर सांगली जिल्ह्यात, दुकान कोल्हापूर जिल्ह्यात, आणि आधार कार्डावर पत्ता तिसराच, अशी आपल्यांपैकी अनेकांची स्थिती असते. आपला पत्त्याचा पुरावा एमएच १० च्या हद्दीतील आणि प्रमाणपत्र मात्र एमएच ०९ साठी काढलेले, असे झाले तर कागद दुरुस्तीसाठी पुन्हा चिकोडीला किंवा दिल्लीला परत जातो.

यातील बहुतेक कामे आता 'वाहन' या संकेतस्थळावरून चालतात, त्यामुळे हेलपाटे कमी झाले आहेत. पण विकणाऱ्याचे महत्त्व मात्र वाढले आहे. पूर्वी त्याच्याकडून नमुना २९ आणि ३० वर सह्या घेतल्या की काम भागे. आज त्याच्या मोबाइलवर येणारा सांकेतिक क्रमांक वेळेवर मिळाल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. पैसे पूर्ण पोहोचलेल्या माणसाचा फोन उचलण्याचा उत्साह टिकतोच असे नाही. बँकेची सवय म्हणून म्हणा, मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो की ठरलेल्या रकमेतील एक वाजवी हिस्सा ना हरकत प्रमाणपत्र हाती पडेपर्यंत राखून ठेवावा आणि तसे करारात लिहून घ्यावे. पाहुण्यांच्या ओळखीतला व्यवहार असेल तर संकोच वाटतो. पण लेखी असले म्हणजे पाहुण्यांनाही मध्ये पडावे लागत नाही.

माझ्या परिचयातील एका धान्य व्यापाऱ्यांनी बेळगावच्या एका वयोवृद्ध गृहस्थांकडून गाडी घेतली. माणूस सचोटीचा, किंमत वाजवी, पैसे धनादेशाने दिलेले, गाडी त्याच दिवशी घरी आली. दिवाळीचा हंगाम होता. "दुकानाची गडबड सरली की नोंदीचे पाहू," असे ठरले. महिन्याभरात ते गृहस्थ हृदयविकाराने गेले. त्यांच्या सह्या असलेले कोरे नमुने व्यापाऱ्यांकडे होते आणि एक एजंट त्यावर मागची तारीख घालून काम करून देण्यास तयारही होता. सुदैवाने त्यांच्या थोरल्या भावाने त्यास साफ नकार दिला. "दादा, सही त्यांचीच आहे ना?" असे धाकट्याने विचारले, तेव्हा ते म्हणाले, "सही त्यांची आहे, पण तारीख आपण घालणार." मग आधी नमुना ३१ भरून गाडी वारसांच्या नावे करणे आले. तीन वारसांपैकी एक परदेशात. त्यांची संमती येऊन, नाव लागून, ना हरकत निघेपर्यंत गाडी सात महिने गोदामात उभी राहिली. त्यात बॅटरी गेली, दोन टायर गेले. मृताच्या मुलांनी शेवटपर्यंत सहकार्य केले म्हणून एवढ्यावर निभावले. त्यांचे मन फिरले असते तर व्यापाऱ्यांपाशी धनादेशाची नोंद आणि एक चावी याखेरीज काय होते?

विकणाऱ्याची बाजूही तितकीच अवघड असते आणि आपल्या घरांतून गाड्या परराज्यात विकल्याही जातात, म्हणून हे सांगतो. सर्वोच्च न्यायालयापुढे २०१८ मध्ये निकाल झालेल्या एका प्रकरणात गाडी एका मागून एक अनेक हातांत गेली होती, मात्र कार्यालयातील नोंद पहिल्याच मालकाच्या नावे राहिली होती. त्या गाडीने अपघात होऊन जीवितहानी झाली. नोंदीवर ज्याचे नाव तोच कायद्याने मालक, असे म्हणून न्यायालयाने नुकसानभरपाईची जबाबदारी त्या पहिल्या मालकावर ठेवली. ज्या गाडीला आपण काही वर्षे हातही लावला नाही, तिच्या अपघाताचा भार आपल्या डोक्यावर येतो तो असा. शेताच्या खरेदीनंतर सातबाऱ्यावर फेरफार झाला की नाही, हे पाहिल्याशिवाय आपण स्वस्थ बसत नाही. गाडीची नोंद हाही फेरफारच आहे, आणि शेत निदान कोणाला धडक देत नाही.

बोजाचा विषय माझ्या व्यवसायातला, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. कर्जाचा शेवटचा हप्ता भरला की बोजा आपोआप उतरतो, असे अनेक कर्जदार समजतात. बँकेच्या वहीत खाते बंद होते, पण नोंदणी पुस्तकावरील बँकेचे नाव नमुना ३५ आणि बँकेचे पत्र कार्यालयात दाखल करून ती नोंद रद्द करून घेईपर्यंत तसेच राहते. आठ-दहा वर्षांपूर्वी फेडलेल्या कर्जाचे पत्र मागण्यासाठी माझ्या टेबलापाशी आलेली माणसे मला आठवतात. दरम्यान शाखा दुसरीत विलीन झालेली, जुने खाते नव्या प्रणालीत शोधावे लागणारे, आणि बाहेर गिऱ्हाईक गाडीपाशी उभे. म्हणून गाडी पाहायला जाताना रंग आणि टायर यांच्या आधी नोंदणी पुस्तकावरील बोजाचा रकाना पाहावा. तेथे बँकेचे नाव असेल तर "कर्ज केव्हाच फिटले" या उत्तराने समाधान मानू नये. कर्ज चालू असेल, तर आपली रक्कम विकणाऱ्याच्या हाती न देता थेट त्याच्या कर्जखात्यात भरावी आणि पावती घ्यावी.

दलालाकडून गाडी घेणार असाल, तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र घेणे आवश्यक आहे. मालकाने अशा विक्रेत्याकडे गाडी सोपवल्याची नोंद झाली की पुढील जबाबदारी विक्रेत्याची असते आणि ना हरकतीसाठी अर्जही त्याला करता येतो. अधिकारपत्र दाखवा म्हटल्यावर जो विषय बदलतो, त्याच्याकडचा चहा पिऊन परत यावे.

पेढीच्या किंवा फर्मच्या नावावरील गाडीचे गणित वेगळे. खासगी व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला गाडी विकली तर जीएसटीचा प्रश्न येत नाही. परंतु नोंदणीकृत फर्मने घसारा घेतलेली गाडी घसारा वजा जाता उरलेल्या किमतीपेक्षा जास्त भावाने विकली, तर त्या फरकावर कर लागतो, आणि जानेवारी २०२५ पासून त्याचा दर सरसकट १८ टक्के आहे. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारणाऱ्यावर प्राप्तिकर कायद्यानुसार तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, हे तर आपल्या लेखापालांनी सर्वांना पाठ करून घेतलेले आहेच.

विम्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. दिल्लीहून कोल्हापूर म्हणजे दीड हजार किलोमीटरहून अधिक अंतर. नवा मालक हौसेने गाडी स्वतः चालवत आणतो. पॉलिसी जुन्या मालकाच्या नावे असते. तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीपुरता विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे आला असे कायदा मानतो. मात्र गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे तसे नाही, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच स्पष्ट केला आहे. हस्तांतरणापासून चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो. तो निघण्यापूर्वीच दिला तर वाटेतील प्रवास सुखाचा होतो. जुन्या मालकाची 'नो क्लेम' सवलत त्याच्याकडेच राहते, ती गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे हप्ता थोडा वाढतो. त्याच वेळी गाडीवर पूर्वी मोठा दावा झाला होता का, तेही विमा कंपनीकडून विचारून घ्यावे. पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या राज्यात विकल्या जातात. २०१९ चा महापूर पाहिलेल्या आपल्या भागाला चिखलाचा वास ओळखायला शिकवणे नको. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला की गाळाची रेघ दिसते.

गाडी आपल्या कार्यालयात प्रत्यक्ष न्यावी लागते. निरीक्षक ती पाहतात, चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने घेतलेला ठसा कागदांशी ताडतात, नमुना २७ नुसार नवा क्रमांक मिळतो आणि त्याबरोबर उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवावी लागते. जुना फास्टॅग विकणाऱ्याने बंद करायचा असतो. तो राहून गेला तर किणीच्या नाक्यावर आपला टोल बेळगावच्या माणसाच्या खात्यातून कापला जातो आणि चार दिवसांनी त्यांचा फोन येतो. नव्या क्रमांकानंतर विम्यातही बदल नोंदवून घ्यावा.

एक काम बहुतेकांकडून राहून जाते. काही राज्यांत, उदाहरणार्थ कर्नाटकात, गाडी कायमची बाहेर गेली की आजीवन कराचा उरलेला भाग परत मागता येतो. मागणी नोंदीवरील मालकाने करायची असते आणि सोबत नव्या नोंदणीचा पुरावा लागतो, जो घेणाऱ्याकडेच असतो. हा परतावा कोणाचा, हे सौद्याच्या दिवशीच लिहून ठेवावे, आणि तो विकणाऱ्याचा ठरला असेल तर नव्या नोंदणी पुस्तकाची प्रत हाती येताच त्यांना टपालाने पाठवून द्यावी.